चार सेलवर वर्षभर

आकाराम फडतरे यांच्याकडे रेडिओ दुरुस्तीला न्यायचा म्हणजे आधी कबुलीजबाब द्यावा लागे. रहिमतपूरच्या पेठेत त्यांचं दुकान होतं आणि त्याच दुकानाच्या माडीवर मी भाड्याने राहत होतो. हायस्कुलात मी ड्रॉइंग मास्तर. शाळा सुटली की दुकानाच्या पायरीवर बसून ते कबुलीजबाब ऐकणं ही माझी फुकटची करमणूक होती.

“काय झालंय रेडिओला?” आकाराम विचारत.

“पडला, हवालदार.” फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होऊन ते पेन्शनीत आले होते, तेव्हापासून त्यांचं नावच हवालदार पडलं होतं.

“कशावरनं पडला?”

“टेबलावरनं.”

“टेबल हाय व्हय रं तुझ्या घरात?”

मग तो माणूस माझ्याकडे बघे, रस्त्याकडे बघे आणि शेवटी खाली मान घालून म्हणे, “मेव्हण्याला फेकून मारला.”

“हां. आता रिपोर्ट बरोबर आला,” असं म्हणून हवालदार स्क्रू ड्रायव्हर हातात घेत. खरा रिपोर्ट आल्याशिवाय रेडिओचं झाकण उघडायचं नाही, असा त्यांचा नियम होता. त्यापायी अर्ध्या तालुक्याच्या घरातली भांडणं त्यांना तोंडपाठ झाली होती.

सदा खरं बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यावर राहणं किती तापदायक असतं, हे मला विचारा. पोट दुखतंय म्हणून मी हेडमास्तरांना निरोप धाडायचो, तर हे खालून ओरडायचे, “मास्तर, पोट न्हाई दुखत तुमचं. रात्री तमाशाला गेलता म्हणून सांगा!” हा निरोप अख्ख्या पेठेला पोचायचा. मी दोनदा खोली बदलायचं ठरवलं, पण त्यांच्या मंडळी बनुबाई यांच्या हातची आमटी आडवी आली.

अशा माणसाची एकच खोड होती. तोंडी बोलणाऱ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नसे, पण छापलेल्या कागदावर मात्र देवासारखा. फौजेत यंत्राच्या पत्र्यावर चोवीस व्होल्ट लिहिलं असेल तर ते चोवीसच असतं, आणि नसलं तर कुणाला तरी शिक्षा होऊन ते चोवीस होतं. पंधरा-सोळा वर्षं हे पाहिलेल्या माणसाला छापील खोटं असू शकतं हे सांगायचं कसं? बनुबाईंनी एकदा प्रयत्न केला. म्हणाल्या, “पंचांगात पाऊस छापल्याला असतोया. पडतोय का कवा वेळंवर?”

“पंचांग सिव्हिलियन हाय,” हवालदार म्हणाले. विषय संपला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हवालदारांचं मूळ गाव रहिमतपुराहून दोन कोसांवरची एक वाडी. ओढ्यावर जुना बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटावर उभा असलेला सगळ्यांचा ऊस. पाणी पाळीने मिळायचं. अमक्याची पाळी संपली की दार फिरवायचं आणि पाणी पुढच्याच्या शेतात सोडायचं. पूर्वी हे सूर्याच्या सावलीवर आणि चांदण्यांवर चालायचं. त्या काळात भांडणं व्हायची, पण सावलीला कुणी लाच देऊ शकत नव्हतं. पुढे आप्पासो फडतरे यांनी मनगटी घड्याळ आणलं आणि तेव्हापासून वाडीची वेळ आप्पासोंच्या मनगटावर गेली.

आप्पासो हे हवालदारांच्या भावकीतले, पाणीवाटपाच्या पंचांचे पुढारी. त्यांचं घड्याळ फार गुणी होतं. दुसऱ्याच्या पाळीत ते पळायचं आणि आप्पासोंच्या पाळीत दम खात चालायचं. आप्पासोंच्या मागून पाळी यायची हरणाबाईची. ही धनगराची विधवा. सासऱ्याने मेंढरं विकून पाटाच्या शेपटाला थोडं मुरमाड रान घेतलं होतं, त्यात तिचा एकटीचा ऊस. आप्पासोंची पाळी लांबली की तिची आखडायची, आणि तिच्या मागून परत पाटाच्या तोंडाची पाळी सुरू व्हायची, म्हणजे पुढेही सरकायला जागा नाही. तिच्या उसाकडे बघून परकं माणूस विचारायचं, “बाई, ही ज्वारी का?”

ती एकदा दुकानात येऊन हवालदारांना म्हणाली, “तुमी फौजंत यवढी यंत्रं चालवली. त्या घड्याळाला खोटं बोलता येणार न्हाई आसं काय तरी करा की.”

खोटं न बोलणारं यंत्र! हवालदारांना दुसरं काय पाहिजे होतं? त्यांनी त्याच आठवड्यात कागदावर आराखडा काढला. पाटाच्या दारावर लोखंडी डबा बसवायचा. आत घड्याळ, बाहेर लाल आकडे, आणि प्रत्येकाची पाळी संपली की घंटा. घंटा झाली की दार फिरवायचं, कुणाचं काही ऐकायचं नाही. त्या रानात वीज नव्हती, तेव्हा सगळं बॅटरीच्या चार सेलवर.

वाडीच्या बैठकीत आप्पासोंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि तंबाखू मळत एकच प्रश्न विचारला. “सेल संपल्यावर डबा कोण उघडणार?”

“मी.”

“तुमी ऱ्हाता रहिमतपुरात. मंजे इथलं कुणी तरी उघडणार. आन् जो सेल बदलायला डबा उघडंल त्यो वेळ बी फिरवंल. मग माझं घड्याळ काय वाईट हाय?”

माणूस बेरकी, पण मुद्दा बिनतोड होता. बैठकीने ठरवलं, डबा एकदा बंद झाला की वर्षभर उघडायचा नाही. गुढीपाडव्याला सील करायचा तो पुढल्या पाडव्याला उघडायचा. हे जमत असेल तर बसवा, नाहीतर घड्याळ आहेच. हवालदार घरी आले ते पडेल चेहऱ्याने. चार सेलवर घड्याळ वर्षभर चालवणं होण्यासारखं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आणि त्याच सुमारास, म्हणजे अठ्ठ्याहत्तर सालच्या माघात, सांगलीहून आमंत्रण आलं. मुंबईच्या एका कंपनीने नव्या जातीची चिप काढली होती आणि यंत्रं बनवणाऱ्या मंडळींसाठी तिथल्या एका हॉटेलात व्याख्यान ठेवलं होतं. शेवटी ‘अल्पोपहार’ लिहिलं होतं, म्हणून मीही निघालो.

अल्पोपहार म्हणजे श्रीखंड-पुरी होती. त्या कंपनीबद्दल बोलण्यासारखं एवढं एकच चांगलं मला आढळलं. हॉल भरलेला होता. साखर कारखान्यांतले इंजिनिअर, वजनकाटे बनवणारे, स्टॅबिलायझरवाले, आणि तंबोऱ्याचा सूर डब्यातून काढायचं खूळ घेतलेले मिरजेचे एक गृहस्थ. व्याख्यान द्यायला कंपनीचे विक्री इंजिनिअर मिस्टर एन. बी. शेळके. टाय, चकचकीत बूट, आणि दर वाक्यात इंग्रजी शब्द पेरलेली मराठी.

त्यांनी पडद्यावर एक मुंगी दाखवली. “जंटलमेन, ही मुंगी जितकी साखर खाते, त्याहून कमी पॉवर आमची चिप खाते!” साखर कारखानेवाल्यांना हे फार आवडलं. मग त्यांनी टेबलावर चिप ठेवली, तिला सेल जोडले, मध्ये मीटर लावला आणि म्हणाले, “बघा, काटा हलतो का!” सगळे पुढे वाकले. काटा जागचा हलला नाही. “चार सेलवर वन फुल इयर!” शेळके गरजले आणि टाळ्या पडल्या. तंबोरेवाले गृहस्थ तर उभेच राहिले.

हवालदारांनी हात वर केला. “साहेब, वर्षभर म्हणजे पुरं वर्ष?”

“मिनिमम!”

“हे छापील हाय का कुठं?”

शेळके साहेबांनी गुळगुळीत कागदाची पुस्तिका हसत हसत त्यांच्या हातात दिली. पहिल्याच पानावर मुंगी होती आणि तिच्याखाली ठळक अक्षरात तेच वाक्य. हवालदारांनी ते दोनदा वाचलं आणि पुस्तिका छातीशी धरली. परतीच्या गाडीत मी म्हणालो, “हवालदार, आधी महिनाभर चालवून तर बघा.” ते म्हणाले, “मास्तर, काटा डोळ्यांनी बघितला, वाक्य छापील हाय. आणखी काय बघायचं?” मी श्रीखंडाने सुस्तावलो होतो. वाद घातला नाही.

पाडव्यापर्यंत ती चिप घालून डबा तयार झाला. हिरवा रंग मी दिला. घंटाही चोख वाजत होती. पण वाडीला नुसतं यंत्र पुरणार नव्हतं. आप्पासो म्हणाले, “वर्षभर चालंल ह्ये बेलभंडारा उचलून सांगा.” बेलभंडारा उचलायचा म्हणजे हातात बेलाचं पान आणि बिरोबाची हळद घेऊन देवासमोर शब्द द्यायचा. कोर्टात धडधडीत खोटं बोलून आलेली माणसं इथे चाचरतात. हवालदार मात्र ताठ उभे राहिले, तळहातावर हळद घेतली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “ह्ये यंत्र चार सेलवर वर्षभर चालंल. पुढल्या पाडव्यापतोर डबा मी उघडणार न्हाई, कुणाला उघडू देणार न्हाई. घंटा हुईल तवाच दार फिरंल.” देवळाचे पुजारी नानासो यांनी भंडारा उधळला. डब्याला कुलूप लागलं, कुलपावर लाखेचं सील बसलं.

पहिल्या फेरीत वाडीने जो आनंद पाहिला तो दिवाळीतही पाहिला नसेल. घंटा झाली की माणसं हातातलं काम टाकून दाराकडे बघायला पळायची. आप्पासोंच्या पाळीत ऐन रंगात घंटा झाली आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर दार सोडावं लागलं. ते कितीतरी वेळ मनगटाकडे बघत उभे होते. हरणाबाईच्या रानात पहिल्यांदा शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचलं. तिने हवालदारांना एक कोंबडी आणून दिली. ती बनुबाईंनी अशी केली की मला खोली बदलायचा विचार कायमचा सोडावा लागला.

दुसऱ्या फेरीत लाल आकडे फिके पडले, मग गुलाबी, मग दिसेनासे झाले. आणि घंटा मुकी झाली. ती झाली तीही कुणाच्या पाळीत? आप्पासोंच्या!

आप्पासो दारावर घोंगडं टाकून बसले. हरणाबाई गेली तर म्हणाले, “घंटा झाली न्हाई, बाई. पाळी माझीच चालू हाय. देवाम्होरं ठरलंय, मी कोण बदलणार?” त्यांनी उसाला पाणी दिलं. ऊस पिऊन तुडुंब झाला तेव्हा जनावरांच्या कडवळाला दिलं. मग बांधावरच्या शेवग्याला दिलं. पाणी द्यायला काही उरेना तेव्हा खळ्यावर सडा घातला आणि शेवटी कडुलिंबाला आळं करून घेतलं. त्या लिंबाला जन्मात कुणी पाणी घातलं नव्हतं. तिकडे चैत्राच्या उन्हात हरणाबाईच्या उसाचे शेंडे करपायला लागले.

ती दुकानात आली तेव्हा मी पायरीवरच होतो. ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, “हवालदार, तुमची घंटा वाजंना. आन् ती वाजत न्हाई तवर मला पाणी न्हाई. घड्याळ खोटं हुतं, पर थोडं तरी पाणी येत हुतं वो.”

हवालदारांचं तोंड उतरलं. डबा उघडावा तर देवाला दिलेला शब्द मोडतो. न उघडावा तर बाईचा ऊस जातो. डब्याबरोबर त्यांनी तसाच एक नमुना दुकानात बनवून ठेवला होता, तो नव्या सेलांवर चालवून पाहिला. तोही पुढे आठवड्याच्या आतबाहेर मेला, पण तेवढं थांबायला धीर कुठला? पहिल्याच दिवशी आकड्यांच्या दिव्यांना मीटर लावला तेव्हा काटा असा उसळला की सेल कोण खातंय ते कळून चुकलं. त्यांनी कंपनीच्या सांगलीतल्या ऑफिसात ट्रंक कॉल लावला. शेळके साहेब फोनवर म्हणाले, “तुमचं डिझाइन चुकलं असेल, हवालदार. चिप कधी चुकत नाही.”

हवालदारांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, “साहेब, आमच्या वाडीतला एकूण एक माणूस तुमच्या चिपची वाट बघतोय. तुमी सवता येऊन दाखवलं तर बरं हुईल.”

“एकूण एक?” पलीकडचा आवाज एकदम गोड झाला. “उद्याच येतो!”

फोन ठेवल्यावर मी हवालदारांकडे पाहिलं. ते म्हणाले, “यातला एक शब्द खोटा न्हाई, मास्तर.” कंपनीचं व्याख्यान ऐकून माणूस काहीतरी शिकला होता म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी शेळके साहेब मोटारीने वाडीत उतरले. टाय तोच, पुस्तिकांचा गठ्ठा मोठा. बिरोबाच्या देवळासमोर सगळी वाडी जमलेली पाहून त्यांना भरून आलं असावं. पायरीवर चिप मांडली, सेल जोडले, मीटर लावला. मुंगीचं वाक्य म्हटलं. काटा हलला नाही. लोक अचंब्याने बघत राहिले.

“ह्येच जरा बेलभंडारा उचलून सांगा, साहेब,” हवालदार म्हणाले.

शेळके हसले. “अहो हवालदारसाहेब, आपण सायन्सच्या युगात आहोत.”

हरणाबाई पुढे आली. “तुजं गाव कुठलं रं, लेकरा?”

“मुंबई.”

“त्याच्या आदी?”

“सांगलीला शिकलो.”

“त्याच्या आदी?”

साहेबांनी टाय सैल केला. “आटपाडीकडचं आहे मूळ.”

“शेळके. मंजे मेंढरं हुती का न्हाई?”

“आजोबांची होती. वडिलांचीही होती.”

“नाव काय तुजं, बाबा?”

“नाथाजी.”

“मग आरेवाडीच्या बिरुबाला जात आसशीलच. ह्यो त्योच देव हाय,” असं म्हणून ती बाजूला झाली आणि नानासो पुजाऱ्यांनी साहेबांच्या तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर हळद ठेवली.

साहेबांनी घसा साफ केला. “आमच्या कंपनीची चिप वापरली तर चार सेलवर एक वर्ष...” ते थांबले. हळदीकडे पाहिलं. “...चालते. नुसती चिप.”

“नुसती मंजे?” नानासोंनी विचारलं.

“म्हणजे तिला आकडे, घंटा, असं काही जोडलेलं नसताना.”

लोकांत खसखस पिकली. साहेबांना वाक्य संपवायचं होतं, पण हळद संपवू देईना.

“आणि चालते म्हणजे ती काम करत नसताना.”

“काम करत नसताना चालती? ती कशी काय?”

“जागी असते. पण मोजत नसते. मोजायला लागली की जास्त खाते.” त्यांच्या कपाळावर घाम आला. “आणि हवा पंचवीस डिग्री असताना.”

चैत्रात आमच्याकडे पंचवीस डिग्री फक्त माठात असतं. हे मी मोठ्याने म्हणालो आणि हशा झाला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांची गाडी उताराला लागली होती.

“आणि सेल वर्षभर टिकले तर.”

“टिकत्यात का?”

“न्हाईत वो!” आटपाडी एकदम बाहेर पडली. “ते निसतं पडून पडूनच वाळत्यात!”

“मग चार सेलवर वर्षभर चालल्याली चिप बघितलीया तरी कुणी?” नानासोंनी विचारलं.

“कुणीच न्हाई. ती गेल्या दिवाळीत तर बाजारात आली. वर्ष झालंय कुठं अजून? समदा कागदावरचा हिशेब हाय.”

“आणि ती मुंगी?” मी विचारलं.

“मुंगी जाहिरातवाल्यांनी घातली,” साहेब म्हणाले आणि पायरीवर बसले. बायामाणसं पदर तोंडाला लावून हसत होती. मला मात्र त्या माणसाची दया आली आणि थोडा हेवाही वाटला. एवढं खरं तो बऱ्याच दिवसांत बोलला नसावा, कारण त्याचा चेहरा आंघोळ केल्यासारखा मोकळा दिसत होता.

पण हसणाऱ्यांत एक माणूस नव्हता. आप्पासो उठून उभे राहिले आणि हशा थांबायची वाट बघून म्हणाले, “ह्येचं झालं. आता पाडव्याला तुमी काय उचललं हुतं, हवालदार?”

सगळ्या वाडीने माना हवालदारांकडे वळवल्या. आप्पासो जवळ आले आणि अगदी मायेने म्हणाले, “भावकीची इज्जत हाय, मी काय बाहीरचा न्हाई. डबा तसाच ऱ्हाऊ द्या. पाडव्याला उघडू. तवर आत काय झालंय कुणी बघितलंय? तुमचा शब्द बी ऱ्हाईल, देव बी गप बसंल.”

“आन् पाणी?” हवालदारांनी विचारलं.

“ठरल्यापरमानं. घंटा हुईल तवा दार फिरंल.”

जन्मभर खरा रिपोर्ट मागणाऱ्या माणसाला आता स्वतःचा रिपोर्ट द्यायचा होता. रेडिओवाल्या गिऱ्हाइकासारखेच ते इकडेतिकडे बघत होते. माझ्याकडेही बघितलं. एरवी मला केवढी मजा वाटली असती! तेव्हा मात्र त्यांनी तोंड चुकवून घरी निघून जावं, असं मला मनापासून वाटलं. माझ्याच्याने ते बघवेना.

नानासोंनी त्यांच्याही हातावर हळद ठेवली.

“चिप खोटी निघाली,” हवालदार म्हणाले आणि थांबले. “न्हाई. चिप हाय तशीच हाय, तिनं मला कायच सांगितलं न्हवतं. साहेबानं बी पोटासाठी सांगितलं. खोटा मी हाय. मी कागद वाचला, काटा बघितला आन् चार दिवस चालवून न बघता देवाम्होरं वर्ष म्हणालो. दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य मी माझं म्हणून उचललं. काय शिक्षा आसंल ती मला हुंदे. त्या बाईच्या उसाला नको.”

ते तसेच पाटाच्या दाराकडे चालू लागले. मागे सगळी वाडी, मध्ये बूट चिखलात घालत शेळके. हवालदारांनी दगड घेऊन लाखेचं सील फोडलं आणि कुलूप काढलं. आप्पासो म्हणाले, “बघा हां, बेलभंडारा मोडला ह्येनी.”

शेळके साहेबांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि डब्यात डोकं घातलं. “ह्ये लाल आकडे आदी काढा. खादाड हायती. घंटा वाजली म्हंजे झालं, आकडे बघायचेत कुणाला? मग चार महिने चालंल.”

नानासोंनी हळदीच्या पिशवीत हात घातला.

“दोन,” शेळके म्हणाले. “दोन धरा.”

दोन तर दोन. पण मग आप्पासोंचा पहिला प्रश्न होताच: सेल बदलायला डबा उघडणार कोण? बराच खल झाला. शेवटी हवालदारच म्हणाले, की सेल सगळ्यांदेखत देवळासमोर बदलायचे आणि किल्ली ठेवायची हरणाबाईकडे. तिचं रान शेपटाला. वेळेत कुणी कुठेही खोट केली, तरी शेवटी पाणी तुटतं तिचं. खऱ्या वेळेची गरज तिच्याइतकी दुसऱ्या कुणाला नाही. आप्पासोंनी तोंड उघडलं, पण त्यांचा चुलत पुतण्यासुद्धा “बराबर हाय” म्हणाला, तेव्हा त्यांनी ते तंबाखू टाकायला उघडलं होतं असं दाखवलं.

नवे सेल घालून हवालदारांनी घंटा वाजवून पाहिली आणि किल्ली हरणाबाईच्या पुढे केली. तिच्याकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. खाली बघतच ते म्हणाले, “मावशे, तुजा निम्मा ऊस गेला माझ्यापायी. मी चुकलो.”

हरणाबाईने किल्ली घेतली नाही. ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला राग आला असावा असं मला वाटलं, आणि आला असता तर तो वाजवीच होता.

“लगीन हून आले तवापास्नं ह्या पाटाचं पाणी मला कमीच आलंय,” ती म्हणाली. “आप्पासोचं घड्याळ हुतं तवा बी, त्याच्या आदी बी. उनात किती ऊस गेला आसंल त्येचा ठाव न्हाई. पर चुकलो म्हणाया आजवर कुणी आलं न्हवतं वो.” आणि तिथेच बांधावर बसून ती पदर डोळ्यांना लावून रडायला लागली.

फौजेतला तो आडदांड माणूस तिच्यासमोर किल्ली घेऊन तसाच उभा राहिला. काय करावं हे त्यांना सुचेना, आणि आम्हा कुणालाच सुचत नव्हतं. थोड्या वेळाने तीच उठली, नाक पुसलं, किल्ली घेऊन कनवटीला लावली. मग हवालदारांनी फावडं घेतलं आणि दोघांनी मिळून दार तिच्या रानाकडे फिरवलं.